वॉरंटी आहे ना, मग काळजी कशाला?

(मंडळाच्या एका रविवारच्या कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



सगळ्यात आधी कार्यकारिणीचे मनापासून आभार. बटाटेवडे संपल्यावर आणि अंताक्षरी सुरू व्हायच्या आधी एखाद्याला कॉम्प्युटरच्या वॉरंटीवर बोलायला उभं करायचं, हे धाडस आपलं मंडळच करू जाणे. मला वीस मिनिटं दिली आहेत. त्यातली दोन माइक नीट करण्यात गेली. माइकची वॉरंटी संपलेली दिसते.

एक प्रश्न विचारतो, हात वर करून उत्तर द्या. या हॉलमध्ये डॉक्टर, डेंटिस्ट, फिजिओथेरपिस्ट, किंवा त्यांच्या ऑफिसचा कारभार बघणारे किती जण आहेत? ... बघा, निम्मा हॉल. आता दुसरा प्रश्न. आपल्या क्लिनिकमधल्या कॉम्प्युटरच्या वॉरंटीचा कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत कोणी वाचलाय? ... एकच हात. आणि ते आपले वकीलकाका आहेत!

हसू नका. मी स्वतः कॉम्प्युटर इंजिनिअर, छोट्या दवाखान्यांना कॉम्प्युटर बसवून देणं हा माझ्या कामाचा मोठा भाग, आणि कित्येक वर्षं मीही तो कागद वाचत नव्हतो. तो वाचायला मी कसा शिकलो, ती गोष्ट आधी सांगतो. जिच्याबाबतीत हे घडलं तिची परवानगी घेतली आहे. नाव-गाव मात्र सांगणार नाही.

आपल्यातलीच एक ताई आहे, लहान मुलांची डॉक्टर. तिचं छोटं क्लिनिक. ती पेशंट बघते, भाऊजी ऑफिस सांभाळतात. पेशंटच्या सगळ्या नोंदी क्लिनिकमधल्याच एका कॉम्प्युटरवर होत्या. तो मीच निवडला होता, मीच बसवला होता. कोटेशन दाखवायला गेलो तेव्हा भाऊजी म्हणाले, "अरे, हे जरा जास्त होतंय. काही कमी करता येईल का?" मी यादीवरून बोट फिरवलं आणि दोन चौकोनांतल्या खुणा काढून टाकल्या. एक होती चोवीस तास सेवेची. दुसरी होती बिघडलेली डिस्क आपल्याकडेच ठेवण्याची. ताईने विचारलं, "हे काढलं तर चालेल ना रे?" आणि मी म्हणालो, "ताई, तीन वर्षांची वॉरंटी आहे ना, मग काळजी कशाला?"

हे वाक्य मी तेव्हा दिवसातून चार वेळा तरी म्हणत असे.

२०१६ सालची गोष्ट. सप्टेंबर महिना, लेबर डेच्या आधीचा शुक्रवार. संध्याकाळी भाऊजींचा फोन आला, "अरे, डबा बंद पडलाय. आतून टक टक आवाज येतोय." हार्ड डिस्क टक टक करायला लागली की माझ्या पोटात गोळा येतो. कंपनीला फोन लावला तेव्हा पाच चाळीस झाले होते. पलीकडच्या मुलाने अगदी नम्रपणे तासभर तपासण्या करून घेतल्या आणि सांगितलं, "सर, तुमच्याकडे नेक्स्ट बिझनेस डे ऑनसाइट सेवा आहे." मी खूश. म्हटलं, म्हणजे उद्या? तर नाही. शनिवार-रविवार कामाचे दिवस नाहीत. सोमवारी लेबर डे. आणि पाच वाजल्यानंतर आलेली तक्रार पुढच्या कामाच्या दिवशी आली असं धरतात. म्हणजे आमची तक्रार कागदोपत्री मंगळवारची, आणि माणूस येणार बुधवारी!

शुक्रवार ते बुधवार. शनिवारी सकाळी ताईचं क्लिनिक उघडं, शाळा नुकत्याच सुरू झालेल्या, मुलं तापाने फणफणलेली, आणि डॉक्टरच्या हातात आधीची एकही नोंद नाही.

बुधवारी तंत्रज्ञ आला. सज्जन माणूस. वीस मिनिटांत नवी कोरी डिस्क बसवली, मशीन सुरू करून दाखवलं, सही घेतली. डिस्क बदलली की त्याच्या लेखी काम पूर्ण. आणि वॉरंटीच्या कागदाप्रमाणे ते खरंच पूर्ण झालं होतं. मग त्याने जुनी डिस्क उचलली आणि म्हणाला, "ही मला परत न्यावी लागते." नवा भाग दिला की जुना भाग कंपनीच्या मालकीचा, असं आमच्या करारात लिहिलेलं होतं. ताईने त्या डिस्कवर हात ठेवला. म्हणाली, "यात माझी हजारो मुलं आहेत. ही मी कुणाला देणार नाही." शेवटी त्या बिघडलेल्या डिस्कची किंमत भरून ती आम्ही ठेवून घेतली. मी जो चौकोन रिकामा ठेवला होता, तोच भरला असता तर हा प्रश्नच आला नसता.

आता बॅकअप. रोज रात्री एका यूएसबी ड्राइव्हवर बॅकअप होत असे. ऑगस्टच्या चौदा तारखेला तो ड्राइव्ह भरला. तेव्हापासून रोज सकाळी पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटी खिडकी उघडून हे सांगत होती, आणि रोज सकाळी कोणीतरी तिच्यावर 'ओके' दाबत होतं. एकोणीस दिवसांचं काम गेलं. डिस्क प्रयोगशाळेत पाठवली, पण आतल्या तबकड्यांवरच ओरखडे होते. काही मिळालं नाही. लसींच्या नोंदी राज्याच्या लसीकरण नोंदणीतून परत मिळाल्या, लॅबने रिपोर्ट पुन्हा पाठवले, बिलांची माहिती क्लिअरिंगहाउसकडे होती. पण डॉक्टरने पेशंटसमोर बसून स्वतः टिपलेलं असतं ना, ते दुसरं कोणाकडेच नसतं.

मग ताईने अपॉइंटमेंटची कागदी वही काढली आणि रोज रात्री एकेका घरी फोन करायला सुरुवात केली. "तुम्ही अमुक तारखेला आला होतात, तेव्हा आपलं काय बोलणं झालं होतं?" एका आईने सांगितलं, "डॉक्टर, पेनिसिलिन घेतल्यावर त्याच्या अंगावर गांध्या उठल्या होत्या. तुम्हीच तर लिहून घेतलंत, यापुढे द्यायचं नाही म्हणून." ताईने फोन ठेवला आणि बराच वेळ काही बोलली नाही. मी शेजारीच बसलो होतो. त्या मुलाला पुढे काहीही झालं नाही, कारण ताईने फोन केला. पण समजा केला नसता तर?

तेव्हापासून 'वॉरंटी आहे ना' हे वाक्य मी म्हणत नाही. वॉरंटी खोटी नव्हती, कंपनीने कबूल केलेलं सगळं केलं. फक्त कंपनीने काय कबूल केलंय, हे मी वाचलं नव्हतं. आज मला एवढंच सांगायचंय, की वॉरंटी यंत्राची असते. पेशंटच्या वेळेची आणि माहितीची नसते. ती जबाबदारी आपली. पण कागद नीट वाचला, तर तिचा बराच भार हलका करता येतो.

थोडं कायद्याबद्दल. मी वकील नाही, काका बसलेत, चुकलो तर टोकतील. अमेरिकेत १९७५ सालापासून मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायदा आहे. लेखी वॉरंटी 'फुल' आहे की 'लिमिटेड', हे कंपनीने स्पष्ट लिहायचं. खरेदीच्या आधी ती गिऱ्हाइकाला वाचायला मिळाली पाहिजे. आणि आमचेच सुटे भाग वापरा नाहीतर वॉरंटी रद्द, अशी अट सहसा घालता येत नाही. मशीनवर 'हे स्टिकर फाडल्यास वॉरंटी रद्द' असं लिहिलेलं असतं ना? त्यावरून फेडरल ट्रेड कमिशनने २०१८ साली सहा कंपन्यांना ताकीद देणारी पत्रं पाठवली होती. तेव्हा मेमरी वाढवायला झाकण उघडलं म्हणून लगेच घाबरायचं कारण नाही. अर्थात उघडताना आपण काही मोडलं, तर ते आपलंच.

पण एक मेख आहे. हा कायदा सर्वसाधारणपणे घरात वापरल्या जाणाऱ्या वस्तूंसाठी आहे. लॅपटॉप त्यात येऊ शकतो, पण केवळ धंद्यासाठी बनवलेला सर्व्हर येत नाही. लेखी हमीशिवाय एक न लिहिलेली, गृहीत धरलेली हमीही असते, की वस्तू जिच्यासाठी विकली त्या साध्या कामाला ती योग्य असेल. बहुतेक राज्यांच्या व्यापारी कायद्यात ती आहे. पण धंद्यासाठीच्या विक्रीत कंपन्या ती ठळक अक्षरांत नाकारतात, आणि बऱ्याच ठिकाणी ते चालतं. कागदावर एखादा परिच्छेद सगळाच्या सगळा कॅपिटल अक्षरांत ओरडत असतो, तो हाच. थोडक्यात, घरच्या गिऱ्हाइकाला जेवढं संरक्षण, तेवढं दवाखान्याला नाही. दवाखान्याला खरा आधार त्या लेखी कागदाचा. म्हणून तो वाचायचा.

वाचताना मी आता पाच प्रश्न विचारतो.

पहिला प्रश्न: वेळ. मशीन बिघडलं तर ते आपण कंपनीकडे पाठवायचं, दुकानात न्यायचं, की माणूस आपल्याकडे येणार? येणार असेल तर कधी? 'नेक्स्ट बिझनेस डे' म्हणजे काय ते तुम्ही आत्ता ऐकलंत. तक्रार किती वाजेपर्यंत नोंदवली तर त्याच दिवसाची धरतात, हे विचारून घ्या. आणि 'चार तासांत प्रतिसाद' वाचून हुरळून जाऊ नका. प्रतिसाद म्हणजे दुरुस्ती नव्हे. चार तासांत माणूस आला, बघून म्हणाला की भाग मागवावा लागेल, तरी प्रतिसाद झाला! ठरलेल्या तासांत दुरुस्त करून देण्याची सेवा काही कंपन्या वेगळी विकतात, आणि ती महाग असते. प्रत्येक मशीनला ती घ्यायची गरज नाही. ज्याच्यावाचून पेशंट बघता येणार नाही, त्या एका मशीनला घ्या. रिसेप्शनवरच्या कॉम्प्युटरला साधी वॉरंटी पुरते, शेजारी एक जुना चालू लॅपटॉप तयार ठेवला की झालं.

दुसरा प्रश्न: डिस्क कोणाची? हा सगळ्यात महत्त्वाचा. डेल, एचपी, लेनोव्हो या कंपन्या बिघडलेली डिस्क आपल्याकडेच ठेवण्याची सोय विकतात. नावं वेगवेगळी, 'कीप युअर हार्ड ड्राइव्ह', 'डिफेक्टिव्ह मीडिया रिटेन्शन', 'कीप युअर ड्राइव्ह', पण अर्थ एकच. ही सोय सहसा मशीन घेतानाच घेतलेली बरी.

हे इतकं महत्त्वाचं का? तर हिपा. १९९६ सालचा हा कायदा आपल्यातल्या सगळ्या डॉक्टरांना पाठ आहे, निदान त्याचा धाक तरी आहे. पेशंटची माहिती असलेलं साधन हातावेगळं करताना ती माहिती नीट नष्ट झाली पाहिजे, ही त्यातल्या सुरक्षा-नियमांची सक्तीची बाब आहे. आणि 'बिघडलेली डिस्क कोण वाचणार?' असं म्हणू नका. न्यूयॉर्कच्या ॲफिनिटी हेल्थ प्लॅनने भाड्याने घेतलेली झेरॉक्स मशिनं परत केली. आत हार्ड डिस्क असते हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. त्यातलं एक मशीन सीबीएस वाहिनीने एका बातमीसाठी विकत घेतलं आणि आत पेशंटची माहिती सापडली. २०१३ साली ते प्रकरण मिटवायला त्या संस्थेला १२ लाख १५ हजार ७८० डॉलर भरावे लागले. झेरॉक्स मशीन, मंडळी! तेव्हा भाड्याने घेतलेलं काहीही परत करताना आधी विचारा, याच्या पोटात डिस्क आहे का?

यावर चांगला उपाय म्हणजे एन्क्रिप्शन. डिस्कवरची माहिती कुलूपबंद करून ठेवायची. योग्य रीतीने एन्क्रिप्ट केलेली डिस्क हरवली किंवा चोरीला गेली आणि किल्ली सुरक्षित असली, तर हिपाच्या नियमांप्रमाणे पेशंटना कळवण्याची वेळ येत नाही. एन्क्रिप्ट केलेली नसेल, तर जास्तीत जास्त साठ दिवसांत प्रत्येक पेशंटला पत्र. आणि पेशंट पाचशे किंवा अधिक असतील तर सरकारलाही त्याच मुदतीत कळवायचं, शिवाय एकाच राज्यातले पाचशेच्या वर असतील तर तिथल्या वृत्तमाध्यमांनाही. आपल्याच गावच्या पेपरात आपल्याच क्लिनिकचं नाव, आणि तेही असं!

इथे एक व्यवहारातली गोष्ट सांगतो. विंडोजचं बिटलॉकर सुरू केलंत की ४८ आकड्यांची एक रिकव्हरी की मिळते. ती छापून तिजोरीत ठेवा. कारण उद्या वॉरंटीत मदरबोर्ड बदलला गेला, की कॉम्प्युटरला वाटतं आपण परक्या घरी आलो, आणि तो ती किल्ली मागतो. तंत्रज्ञाकडे ती नसते, कंपनीकडे नसते. आपल्याकडेही नसेल तर आपणच घातलेल्या कुलपाबाहेर आपणच उभे.

तिसरा प्रश्न: कशाकशाची वॉरंटी? तीन वर्षांची वॉरंटी म्हणजे सगळ्याची तीन वर्षं नव्हे. पुष्कळ लॅपटॉपच्या बॅटरीला एकच वर्ष असतं. आजकालच्या एसएसडी डिस्कला वर्षांबरोबर लिखाणाचीही मर्यादा असते. उदाहरण द्यायचं तर सॅमसंगच्या ८७० ईव्हीओ या एक टेराबाइटच्या डिस्कला पाच वर्षं किंवा ६०० टेराबाइट लिखाण, यातलं जे आधी संपेल ते. गाडीची वॉरंटी वर्षं किंवा मैल यांत असते ना, अगदी तसंच. बदलून मिळणारा भाग नवाच असेल असंही नाही, दुरुस्त केलेला जुना असू शकतो, आणि तसं कागदावर लिहिलेलं असतं.

पाणी सांडणं, हातातून पडणं हे साध्या वॉरंटीत बसत नाही. त्याला अपघाती नुकसानीची वेगळी योजना असते. आणि दवाखान्यात आणखी एक गोष्ट होते, जी घरी होत नाही. आपण कीबोर्ड, माउस, पडदा दिवसातून दहा वेळा जंतुनाशकाने पुसतो. साध्या कॉम्प्युटरचं प्लास्टिक त्यासाठी बनवलेलं नसतं. अक्षरं पुसली जातात, प्लास्टिकला तडे जातात, फटीतून ओल आत शिरते, आणि मग कंपनी म्हणते की हा वापर आमच्या सूचनांप्रमाणे नाही. तपासणीच्या खोलीत धुता येणारा कीबोर्ड घ्या, आणि कशाने पुसायचं ते कंपनीच्या पत्रकात बघून घ्या.

चौथा प्रश्न: कॉम्प्युटर बसणार कुठे? 'वैद्यकीय दर्जाचा कॉम्प्युटर' म्हणून जो विकतात तो महाग का, असं भाऊजींनी मला एकदा विचारलं होतं. अमेरिकेत पेशंटच्या बेडभोवतीची साधारण सहा फुटांची जागा ही पेशंटच्या जवळची जागा मानतात. तिथल्या विजेच्या उपकरणांतून नकळत झिरपणारा प्रवाह अगदी कमी असावा लागतो. त्यासाठी आयईसी ६०६०१-१ हे मानक आहे. खरे वैद्यकीय कॉम्प्युटर या मानकाप्रमाणे तपासलेले असतात, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना धूळ-जंतू पसरवणारा पंखाही नसतो. उलट, साध्या कॉम्प्युटरच्या करारात बहुतेकदा एक वाक्य असतं, की हे उत्पादन जिवावर बेतेल अशा कामांसाठी बनवलेलं नाही. म्हणजे तिथे वापरलंत तर तुमचं तुम्ही बघा. रिसेप्शन आणि बिलिंगला साधा कॉम्प्युटर उत्तम. पेशंटला जोडलेल्या यंत्राशेजारी नको.

आणि सोनोग्राफी किंवा एक्स-रेच्या यंत्राबरोबर आलेला कॉम्प्युटर दिसायला आपल्या टेबलावरच्यासारखाच असला, तरी तो त्या यंत्राचा भाग आहे. त्याची डिस्क आपल्या मनाने बदलायची नाही, त्यावर दुसरं सॉफ्टवेअर टाकायचं नाही. आधी यंत्राच्या कंपनीला विचारायचं आणि उत्तर लेखी घ्यायचं. तिथे कॉम्प्युटर कंपनीची वॉरंटी आणि यंत्राच्या कंपनीचा सेवा-करार यांतल्या फटीत आपलं बोट अडकतं. दोघंही म्हणतात, "तो विभाग त्यांचा." हे ऐकून तुम्हाला भारतातलं एखादं सरकारी कार्यालय आठवलं असेल, तर तो योगायोग समजा.

पाचवा प्रश्न: मुदत कधी सुरू होते, कधी संपते? काही कंपन्या मशीन कारखान्यातून निघालं त्या दिवसापासून मोजतात, काही विक्रीच्या दिवसापासून. दुकानात चार महिने पडून राहिलेला डबा घेतलात, तर चार महिने कदाचित आधीच गेलेले असतात. मागे चिकटवलेला अनुक्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला की तारीख कळते. चुकीची वाटली तर पावती दाखवून दुरुस्त करून घेता येते. म्हणून पावती जपून ठेवा. आणि वॉरंटी संपायच्या आधी दोन महिने कॅलेंडरवर खूण करा. मुदत आहे तोवर ती वाढवणं सोपं असतं.

पण वॉरंटी शिल्लक म्हणजे मशीन सुरक्षित असं नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. डबा वॉरंटीत असेलही, पण सुरक्षेचे अपडेट येत नसतील तर पेशंटची माहिती उघड्या दारात ठेवल्यासारखी आहे. वॉरंटी लोखंडाची, सॉफ्टवेअरचं आयुष्य वेगळं. दोन्ही तारखा शेजारी शेजारी लिहा आणि जी आधी येईल तीच खरी माना.

इथे कोणीतरी म्हणणार, "आमचं सगळं क्लाउडवर असतं, आम्हाला याची काय गरज?" चांगली गोष्ट आहे. ताईचं क्लिनिकही आता क्लाउडवर आहे. पण क्लाउडपर्यंत पोचायला टेबलावर चालू कॉम्प्युटर लागतोच. आणि डाउनलोड केलेले रिपोर्ट, स्कॅन केलेली विमाकार्डं, ही सगळी त्याच टेबलावरच्या डिस्कवर उतरलेली असतात. एकदा तुमच्या 'डाउनलोड्स'च्या फोल्डरमध्ये डोकावून बघा, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल. शिवाय क्लाउडवाल्यांशी हिपाप्रमाणे बिझनेस असोसिएट करार केलेला असला पाहिजे. आणि सेवा बंद पडली तर ते काय देणार, हेही वाचा. बहुतेकदा बिलात थोडी सूट मिळते. गेलेली सकाळ मिळत नाही.

हे पाचही प्रश्न विचारलेत, सगळे चौकोन भरलेत, तरी एक गोष्ट कोणतीच कंपनी देत नाही. जवळजवळ प्रत्येक वॉरंटीत लिहिलेलं असतं, की डिस्कवरच्या माहितीची जबाबदारी आमची नाही. आणि त्यात त्यांचं काही चुकतही नाही. आपल्या घराची चावी करून देणारा आतल्या दागिन्यांची हमी कशी देणार? म्हणून बॅकअप. माहितीच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक इमारतीच्या बाहेर. आणि बाहेरची प्रतही एन्क्रिप्ट केलेलीच हवी. हिपा तर बॅकअपची योजना, माहिती परत आणण्याची योजना आणि अडचणीच्या काळात काम चालू ठेवण्याची योजना, तिन्ही मागतो.

बॅकअप होतोय एवढ्यावर विसंबू नका, तो परत आणून बघा. महिन्यातून एकदा एक जुनी फाइल उघडून बघायची. लोणच्याची बरणी भरून फळीवर ठेवली की आपण निश्चिंत होतो, पण आई मधूनमधून झाकण काढून बघायचीच ना? तेच इथे. आणि एक फोल्डर कागदी फॉर्मचं ठेवा, ज्यावर औषधं, ॲलर्जी, निदान हाताने लिहिता येईल. त्या शनिवारी ताईकडे ते नव्हतं. तिने प्रिस्क्रिप्शनच्या पाठीवर लिहून दिवस काढला.

ज्यांचा दवाखाना नाही त्यांनी अंताक्षरीकडे डोळे लावू नयेत, तुमच्यासाठीही दोन गोष्टी आहेत. घरी आई-बाबा राहायला आले असतील आणि त्यांच्या डॉक्टरशी लॅपटॉपवर बोलत असतील, रिपोर्ट त्यावर ठेवत असतील, तर तो तुमच्या घरातला छोटा दवाखानाच आहे. दुरुस्तीला देण्याआधी बॅकअप घ्या, आणि जुना लॅपटॉप देऊन टाकायचा असेल तर डिस्क नीट पुसून द्या. नुसत्या फाइली डिलीट केल्याने माहिती जात नाही. दुसरं म्हणजे, सुट्टीत जाताना पुण्या-नाशिकच्या डॉक्टर भावासाठी इथून लॅपटॉप न्यायचा आपला मोह. इथली वॉरंटी तिथे चालेलच असं नाही. काही मॉडेलना आंतरराष्ट्रीय वॉरंटी असते, काहींना नसते, काही कंपन्यांकडे देश किंवा मालक बदलल्याची नोंद आधी करावी लागते. विमानात बसण्यापूर्वी अनुक्रमांक हातात घेऊन विचारा. नाहीतर भाऊ दुकानोदुकानी हिंडेल आणि तुम्हाला कळवणारही नाही, कारण भेट तुम्ही दिलेली.

आता शेवटचं. दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपल्याकडे व्यापारी नवी वही पूजेला ठेवतात. पुढच्या वर्षीचा हिशोब नीट राहू दे, एवढंच त्यामागे असतं. गेली काही वर्षं ताईच्या क्लिनिकमध्येही त्या दिवशी एक कागद पूजेला असतो. त्यावर प्रत्येक मशीनचं नाव, अनुक्रमांक, वॉरंटी संपण्याची तारीख, तक्रारीचा फोन, डिस्क कोणाची, आणि शेवटचा बॅकअप कधी उघडून बघितला त्याची तारीख. हळद-कुंकू वाहून तो कागद कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवतात. ४८ आकडी किल्ली मात्र त्यावर नसते, ती तिजोरीत. गेल्या वर्षी तारखा भरायला मला बोलावलं होतं. सगळ्या रकाने भरून झाल्यावर ताई हसून म्हणाली, "काय रे, आता म्हण की तुझं ते वाक्य."

मी म्हटलं नाही. भाऊजींना म्हटलं, एकदा बॅकअप उघडून दाखवा. त्यांनी दाखवला. उघडला.

तुम्हीही या दिवाळीत घरी, दवाखान्यात असा एक कागद करा. कोणाला अडलं तर मी वड्यांच्या टेबलापाशी आहे.

सर्वांना दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा.